वाचकांचे प्रश्न : ‘हे कामगार आमचे नाहीत’ असे कंपनीला म्हणता येते का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडे आहेत. तिच्या वार्षिक अहवालात मानवी हक्कांवर काही पाने आहेत आणि बालमजुरी, वेठबिगारी, भेदभाव, वेतन अशा प्रत्येक रकान्यात तक्रारींची संख्या ‘शून्य’ छापली आहे. यावर विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आकडा खोटा असेलच असे नाही, पण ज्या प्रश्नाचे ते उत्तर आहे, तो प्रश्नच फार आखूड आहे. ही पाने कंपनीने हौसेने छापलेली नसतात. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 या आर्थिक वर्षापासून ‘सेबी’ या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) हा अहवाल देणे बंधनकारक केले असून, त्यातल्या नऊ तत्त्वांपैकी पाचवे तत्त्व मानवी हक्कांचे आहे. किती जणांना प्रशिक्षण दिले, किमान वेतन मिळते का, कर्मचारी आणि कामगारांकडून तक्रारी किती आल्या, हे सांगणे सक्तीचे आहे. पुरवठादारांकडे काय चालते याची तपासणी केली का, हा प्रश्न मात्र ऐच्छिक भागात आहे. म्हणजे कंपनीचा हजेरीपट जिथे संपतो, तिथेच सक्तीही बरीचशी संपते, आणि हक्कांची पायमल्ली बहुधा त्याच्या पुढेच सुरू होते.

म्हणून तक्रारींचा तक्ता बाजूला ठेवून आपण दोन गोष्टी पाहाव्यात. प्रशिक्षणाच्या तक्त्यात कायम आणि कायम नसलेले कामगार वेगळे दाखवलेले असतात. दुसऱ्या ओळीत टक्केवारी एकदम घसरत असेल, तर कंत्राटी माणसाला तक्रार कुठे करायची हेच ठाऊक नसण्याचा संभव मोठा. मग ऐच्छिक भाग उघडावा. तो कोरा असेल किंवा त्यात नुसते धोरणाचे गुणगान असेल, तर तेही एक उत्तरच आहे. हजारो माणसे राबत असताना एकही तक्रार आली नाही असे सांगणाऱ्या कंपनीपेक्षा, अमुक ठिकाणी अमुक आढळले आणि त्यावर हे केले असे लिहिणाऱ्या कंपनीवर मी अधिक विश्वास ठेवीन.

प्रश्न : मी एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात काम करतो. आमची साखर घेणाऱ्या एका शीतपेय कंपनीचे तपासनीस हंगामात येऊन ऊसतोड मजुरांविषयी विचारतात. करार वाहतूकदाराशी असतो, उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) टोळी जमवणारा मुकादम देतो; मजूर ना कारखान्याचे, ना त्या कंपनीचे. मग ही जबाबदारी आमच्या गळ्यात का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपली अडचण खरी आहे, पण ‘मजूर आमचे नाहीत’ हे म्हणणे कागदापुरतेच टिकते. टोळी उसाच्या कोणत्या फडात केव्हा जाणार हे आपलाच विभाग ठरवतो, तोडणीची चिठ्ठी आपला चिटबॉय (चिठ्ठ्या देणारा कर्मचारी) देतो, वाहतूकदाराकडून मुकादमापर्यंत पोहोचणाऱ्या उचलीतला मोठा भाग कारखान्याने दिलेल्या आगाऊ रकमेतून येतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, ती साखर संघ (कारखान्यांचा राज्यस्तरीय संघ) आणि ऊसतोड कामगार संघटना यांच्या बैठकीत. ज्यांच्या मजुरीचा दर कारखान्यांचा संघ बसून ठरवतो, ते मजूर कारखान्याचे कोणीच नव्हेत हे पटायला कठीण आहे.

कायद्याची दिशाही हीच आहे. दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली स्पष्ट केले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 नुसार वेठबिगारी ठरते, आणि मजूर कंत्राटदाराचे आहेत असे सांगून काम करवून घेणाऱ्यांना हात झटकता येत नाहीत. उचल फिटेपर्यंत मजुराला जाता येत नसेल, तर 1976 चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा लागू होतो.

आता खरेदीदार कंपनीकडे वळू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून 2011 मध्ये व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. त्यांनुसार कंपनीने स्वतः हानी केली नसली, तिला हातभारही लावला नसला, तरी तिच्या मालाशी पुरवठ्याच्या नात्याने थेट जोडलेली हानी रोखण्यासाठी आपले वजन वापरणे हे तिचे काम आहे. मार्च 2024 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फुलर प्रोजेक्ट’ यांनी महाराष्ट्रातल्या फडांतली बालमजुरी, कर्जाचा फास आणि महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया यांचा संबंध कोका-कोला व पेप्सिको यांच्या साखरेशी जोडला, तेव्हा प्रश्न हाच होता. कारण पुरवठादारांनी बालमजूर आणि सक्तीचे श्रम वापरू नयेत असे दोन्ही कंपन्यांच्या नियमांत आधीपासून लिहिलेले होते. आणि ही काही परदेशी वार्ताहरांनी प्रथम शोधलेली गोष्ट नव्हे. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे 2019 मध्येच आले होते की बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते.

तपासनिसाला हे सहसा दिसत नाही. तो कळवून येतो, कारखान्याच्या आवारात फिरतो, हेल्मेट, अग्निशामक, वेतनपत्रक पाहतो. फडात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, हिशोब मुकादमाच्या वहीत नवऱ्याच्या नावावर असतो, आणि त्यामुळे बाईच्या नावाचा मजुरीचा कागद बहुधा निघतच नाही. पाळी, ताप, बाळंतपण यांमुळे खाडा पडला की पैसे कापले जातात. जिच्या नावाने नोंदच नाही तिचे वेतन कमी की पुरेसे, हे तपासनीस कोणत्या रजिस्टरवरून ठरवणार?

आपल्या विभागाला स्वतःहून करता येण्यासारखे बरेच आहे: टोळीतल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाची स्वतंत्र नोंद, टनाचा हिशोब दर पंधरवड्याला दोघांच्या सहीने, उचलीची रक्कम आणि मजुरीतून झालेली तिची वळती (कपात) मजुराच्या हातात लेखी. मजुरांच्या कोप्यांजवळ (झोपड्यांजवळ) पाणी आणि शौचालये लागतील, मुलांसाठी साखरशाळा (कारखान्याजवळची हंगामी शाळा) किंवा गावाकडचे हंगामी वसतिगृह लागेल. यासाठी पैसा लागतो आणि तो एकट्या कारखान्याने उभा करावा असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेव्हा तपासनिसाला आपणही विचारावे की त्यांच्या कंपनीचा खरेदी विभाग या खर्चातला किती वाटा उचलणार आहे. साखर सर्वांत स्वस्त हवी आणि फड निष्कलंक हवा, या दोन मागण्या एकाच कंपनीच्या दोन विभागांकडून येतात. दोष आढळताच खरेदी थांबवून मोकळे होणे हाही उपाय नव्हे. त्याने कंपनीचा अहवाल स्वच्छ होतो, टोळी आहे तिथेच राहते.

प्रश्न : आमच्या गावातली अनेक कुटुंबे तोडणीला जातात. उचलीपोटी एखाद्याला अडवून ठेवले, तर कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन करून उपयोग होतो का?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : आधी सरकारी यंत्रणा. वेठबिगारीसाठी जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे लेखी अर्ज करावा. 1976 च्या कायद्यानुसार जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असणे अपेक्षित आहे. मूल अडकले असेल तर 1098. जिवाला धोका असेल तर थेट पोलीस.

कंपनीकडे तक्रार त्यासोबत करावी, तिच्याऐवजी नव्हे. तिथली मोठी अडचण अशी की आपला ऊस कोणाच्या बाटलीत किंवा बिस्किटात गेला हे मजुराला कळायला मार्ग नसतो. त्यामुळे अर्जात कारखान्याचे नाव, हंगाम, टोळी क्रमांक, वाहनाचा क्रमांक, मुकादमाचे नाव, उचलीची रक्कम आणि तारीख लिहावी, शक्य असल्यास तोडणी चिठ्ठीचा फोटो जोडावा, आणि त्याची एक प्रत कारखान्याला व एक साखर आयुक्तालयाला द्यावी. एवढा तपशील असलेली तक्रार ‘आमच्या पुरवठ्याशी संबंधित नाही’ असे सांगून बंद करणे कंपनीला बरेच अवघड जाते.