परीक्षण लिहून घेण्याआधी

मॅडम, नववीला इंग्रजीत परीक्षण लिहायला कथा द्याल ती एका तासात संपेल अशीच द्या. दिवाळीनंतर कापूस वेचायला बरीच पोरं शेतात असतात. 'पुढचं उद्या' म्हटलं की उद्या समोर वेगळेच चेहरे.

ओ. हेन्रीची १९०५ सालची 'द गिफ्ट ऑफ द मेजाय' घ्या, पण सोपी करून. मूळ इंग्रजी आपल्या पोरांना जड जातं. नवऱ्याला, जिमला, भेट घेता यावी म्हणून डेला आपले केस विकते तिथे थांबा. जिम आता रागावेल का, विचारा. ही चर्चा अहिराणीत होऊ द्या, अगदी बिनधास्त. वर्गात वाद पेटला की अर्धं परीक्षण तयार झालं समजा. इंग्रजी त्यानंतर.

लिहायला बसवलं की मुलं गोष्टच पुन्हा सांगतात. कथासार दोन वाक्यांत उरका म्हणावं. मग स्वतःचं मत, आणि 'बिकॉज'च्या पुढे कथेतलंच एखादं वाक्य पुरावा म्हणून. 'व्हेरी नाइस स्टोरी'वर समाधान मानू नका. शेवट फसवा वाटला असं कुणी लिहिलं तर माझ्या मते तोच खरा वाचक. पहिल्या खर्ड्यावर स्पेलिंगसाठी लाल पेन चालवू नका, पोरं लिहायचीच थांबतात. गाईडमधून उतरवलेलं तर तुम्हाला दुसऱ्या ओळीतच कळेल.