गव्हावाचून वरणफळे

प्रश्न : आम्ही मूळचे अमरावतीचे. माझे सासरे 74 वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या महिन्यात आहारतज्ज्ञांनी त्यांना तीन महिन्यांसाठी सर्व तृणधान्ये बंद करायला सांगितली आहेत. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी यांपैकी काहीच चालणार नाही. डाळी, कडधान्ये, भाज्या, दूध, दही आणि अंडी चालतील. दुपारचे जेवण उसळी आणि भाज्यांवर निभावते. अडचण शनिवारच्या रात्रीची आहे. आमच्या घरी शनिवारी रात्री वरणफळे होत आणि सासूबाई गेल्यानंतरही मी तो नेम चालू ठेवला होता. मागच्या शनिवारी मी कणकेऐवजी राजगिऱ्याचे पीठ घेऊन पाहिले, पण फळे वरणात सोडताच विरघळली आणि सगळ्याचे पिठल्यासारखे झाले. सासऱ्यांनी ते निमूटपणे खाल्ले, “चांगलं झालं” असेही म्हणाले, पण तुपाची वाटी जशीच्या तशी परत आली. वरणफळांवर तूप न घेता ते कधी उठलेले नाहीत. गव्हावाचून वरणफळे करता येतील का?

उत्तर : करता येतील. मात्र कणीक काढून तिच्या जागी दुसरे पीठ घातले आणि बाकीची कृती तशीच ठेवली, तर तुमच्या बाबतीत झाले तेच पुन्हा होईल. त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातील प्रथिनांपासून ग्लूटेनचे चिवट जाळे तयार होते. हे जाळे पिठाला धरून ठेवते, म्हणूनच कच्ची फळे उकळत्या वरणात सोडली तरी ती फुटत नाहीत, उलट फुगून मऊ होतात. राजगिरा, शिंगाडा, बेसन, कुळीथ यांपैकी कोणत्याही पिठात हे जाळे नसते. त्यामुळे या पिठांना बहुतेक वेळा वरणात सोडण्याआधीच शिजवून किंवा वाफवून आकार धरायला लावावे लागते. आपल्या स्वयंपाकघराला ही रीत मुळीच नवी नाही, आणि तुम्ही तर विदर्भातल्या आहात, म्हणजे पाटवडीचा रस्सा तुमच्या घरी नक्कीच होत असणार.

कृतीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आवर्जून सांगते. सासऱ्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आहारातील पिष्ट एकदम कमी झाल्याने रक्तातील साखर फार खाली जाण्याचा धोका असतो. आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दाखवला नसेल, तर तो या आठवड्यातच दाखवा. त्यांना मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, तर डाळींचे प्रमाणही विचारून घ्या, कारण पोळी आणि भात गेल्यावर ताटातील डाळी नकळत दुप्पट होतात.

तुमच्यासाठी मी पहिली पसंती बेसनाला देईन. राजगिऱ्यापेक्षा हरभऱ्याच्या पिठाने साखर सावकाश वाढते आणि वरणाशी त्याची चवही जुळते. राजस्थानात गट्ट्यांसाठी मळतात तसे बेसन घट्ट मळून, लाटून, फळे कापता येतात, पण ती शिजल्यावर दाताखाली घट्ट लागतात. 74 वर्षांच्या माणसाला मऊ घास हवा, म्हणून पाटवडीच्या रीतीनेच जावे.

एक वाटी बेसन चाळून घ्या. कढईत दोन चमचे तेलाची फोडणी करून त्यात जिरे, ठेचलेला लसूण, हळद, तिखट आणि हातावर चोळलेला ओवा घाला. सव्वा ते दीड वाटी पाणी घालून मीठ टाका. पाणी खळखळून उकळले की आच मंद करा, एका हाताने बेसन वैरत राहा आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळा. गुठळ्या राहिल्या तर त्या आताच मोडायच्या असतात, नंतर त्या मोडत नाहीत. पीठ कढईच्या कडा सोडून गोळा होऊ लागले की झाकण ठेवून सहा-सात मिनिटे वाफ येऊ द्या. या वाफेत घाई करू नका, कारण बेसनाचा कच्चट वास याच टप्प्यावर जातो. तो राहिला तर पुढे वरणात कितीही उकळले तरी प्रत्येक घासाला जाणवत राहतो. पिठाला किंचित चकाकी आली की ते तेल लावलेल्या ताटात घ्या, ओल्या तळव्याने शंकरपाळ्याहून थोडे जाड थापा आणि कोमट असतानाच चौकटीच्या आकारात कापा. अर्ध्या तासाने ही फळे ताटातून अलगद सुटतात.

आता वरणाविषयी सांगते, कारण खरी मेख तिथे आहे. कणकेची फळे शिजताना त्यांच्यावरचे थोडे पीठ वरणात उतरते आणि त्यामुळे वरणाला तो सुपरिचित दाटपणा येतो. शिवाय कच्ची कणीक शिजताशिजता वरणातील मीठ, आंबट आणि गोडा मसाला शोषून घेते. आधी शिजवलेली फळे यांपैकी एकही काम करत नाहीत, म्हणून ही दोन्ही कामे तुम्हाला वेगळी करावी लागतील. एक वाटी तूरडाळीत दोन चमचे मसूरडाळ घालून शिजवा आणि रवीने नेहमीपेक्षा जास्त घोटा, म्हणजे दाटपणा डाळीतूनच येईल. वरण नेहमीपेक्षा थोडे सैल ठेवा, कारण बेसनाची फळे पाणी पीत राहतात आणि पानात वाढेपर्यंत ते आळते. फोडणी, कढीपत्ता, आमसूल, गोडा मसाला हे सारे तुमच्या घरच्या पद्धतीनेच घाला, फक्त गूळ अगदी नावाला किंवा मुळीच घालू नका. वरणाला चांगली उकळी आली की आच मंद करून फळे एकेक सोडा. डाव फिरवू नका; पातेले कडांना धरून हलक्या हाताने हलवा. तीन-चार मिनिटांत आच बंद करून झाकण ठेवा आणि दहा मिनिटे पातेल्याला हात लावू नका. फळांच्या आतपर्यंत चव मुरते ती याच दहा मिनिटांत.

राजगिऱ्याची फळेही जमतात, पण त्याआधी राजगिरा चालेल का हे आहारतज्ज्ञांना विचारा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने राजगिरा तृणधान्य नसला, तरी त्यात पिष्ट भरपूर असते. त्यांनी होकार दिला, तर अर्धी वाटी राजगिरा पीठ, अर्धी वाटी शिंगाडा पीठ, एक लहान उकडलेला बटाटा, एक चमचा इसबगोल, मीठ, जिरे आणि थोडे तेल एकत्र करून लागेल तसे गरम पाणी घालत गोळा मळा आणि पंधरा मिनिटे झाकून ठेवा. इसबगोल पाणी शोषून गोळ्याला धरून ठेवतो. गोळा प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटून फळे कापा, तेल लावलेल्या चाळणीवर मोदकांसारखी दहा मिनिटे वाफवा आणि पूर्ण गार झाल्यावरच वरणात सोडा. मी स्वतः ही फळे गरम असतानाच सोडून पाहिली होती, तेव्हा कडा सुटून वरण गढूळ झाले होते. गार झालेली फळे मात्र अखंड राहिली. त्यांना राजगिऱ्याचा किंचित मातकट गोडसर वास येतो. तो काहींना आवडतो आणि काहींना नाही.

तिसरी वाट हुलग्याची, म्हणजे कुळथाची. पुणे आणि अहिल्यानगरच्या गावांमध्ये थंडीत आणि पावसाळ्यात हुलग्याची शेंगोळी करतात. घट्ट मळलेल्या पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या तळहातावर वळून त्या लसणाच्या झणझणीत उकळत्या पाण्यात सोडतात. हे पीठ आधी शिजवावे लागत नाही. वळ्यांवरून सुटणारे पीठ रस्सा दाट करते, म्हणजे कणकेच्या फळांचा तो गुण यात आपसूकच येतो. पुष्कळ घरांत या पिठात ज्वारीचे किंवा गव्हाचे थोडे पीठ मिसळतात, त्याऐवजी तुम्ही बेसन मिसळा. वरणफळांची बरोबरी शेंगोळी करणार नाहीत, पण त्यांना स्वतःची चव आहे आणि एखाद्या शनिवारी त्यांचा मान ठेवायला हरकत नाही.

आता सासऱ्यांविषयी. ही फळे गव्हाची नाहीत, हे त्यांना आधीच सांगा. न सांगता वाढली, तर पहिल्याच घासाला ते सासूबाईंच्या हातची वरणफळे शोधतील आणि ती सापडणार नाहीत. त्यापेक्षा फोडणी करताना त्यांना स्वयंपाकघरात बोलवा आणि सासूबाई लसूण ठेचून घालत की चिरून, आमसूल आधी टाकत की मागून, हे त्यांना विचारा. इतकी वर्षे दर शनिवारी जेवणाऱ्याला यातले बरेच आठवत असते, पण ते कोणी विचारत नाही. तुपावर तृणधान्यांच्या पथ्याची बंदी नसते. त्यांना हृदयविकारासाठी वेगळे पथ्य सांगितलेले नसेल, तर साजूक तुपाची वाटी पानाशेजारी नेहमीसारखीच ठेवा.

प्रश्न : उपवासाला वरई चालते, म्हणजे ती धान्यात मोडत नाही असे आम्ही समजत होतो. मग तृणधान्ये वर्ज्य असताना भगर का चालत नाही? — पुण्याहून एक वाचक

उत्तर : उपवासाचे नियम परंपरेने ठरले आहेत आणि आहारतज्ज्ञांचे नियम वनस्पतीच्या कुळावरून व त्यातील घटकांवरून ठरतात, म्हणून हा गोंधळ होतो. वरई म्हणजेच भगर हे गवताच्या कुळातील रोपाचे बी आहे, जसे राळे किंवा नाचणी. त्यामुळे ती तृणधान्यच आहे. राजगिरा, कुट्टू आणि शिंगाडा या कुळातले नाहीत. गोंधळात भर पडण्याचे आणखी एक कारण असे, की केंद्र सरकारने 2018 साली पौष्टिक तृणधान्यांची जी यादी जाहीर केली, तिच्यात ज्वारी, बाजरी, नाचणीबरोबर राजगिरा आणि कुट्टू यांचाही समावेश आहे. म्हणून “तृणधान्ये बंद” एवढ्यावर थांबू नका. राजगिरा, कुट्टू, साबुदाणा ही नावे घेऊन एकेकाबद्दल विचारा. साबुदाणा कंदापासून होतो, त्यामुळे तो धान्य नाही, पण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो आणि मधुमेह्यांसाठी अडचणीचा ठरतो.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. केवळ ग्लूटेन वर्ज्य असेल, म्हणजे सीलिॲक आजार असेल, तर गहू, जव आणि राय टाळायचे असतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी आणि वरई चालतात. दोन्ही पथ्ये एकच समजून पुष्कळ जण आपल्या ताटातील भाकरी विनाकारण काढून टाकतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे बदामाचे पीठ सहज मिळते. त्याची वरणफळे होतील का? आणि बाकीच्या साहित्यात धान्य लपलेले असते का?

उत्तर : बदामाच्या पिठात स्निग्धांश भरपूर आणि पिष्ट अगदी थोडे असते, त्यामुळे उकळत्या वरणात ते टिकत नाही. भाजायच्या पदार्थांत ते चांगले, उकळायच्या पदार्थांत नाही. तुमच्याकडे कसावाचे, म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचे, पीठ मिळते, ते तीन वाट्या बेसनात एक वाटी या प्रमाणात मिसळले तर गोळा चांगला लाटता येतो, पण त्यातही पिष्ट पुष्कळ असते, हे मधुमेह असणाऱ्यांनी विसरू नये. नाहीतर पाटवडीची रीत तिथेही तितकीच उपयोगी आहे.

लपलेल्या धान्याबद्दल तुम्ही विचारलेत हे फार बरे झाले. मेतकुटात डाळींबरोबर बहुधा तांदूळ आणि गहू असतात. बेसन गिरणीतून दळून आणले, तर आधी दळलेल्या गव्हाचे पीठ त्यात थोडेबहुत येतेच, म्हणून भारतात असताना दळण हरभऱ्यावर किंवा दुसऱ्या डाळीवर दळून द्यायला सांगावे. सर्वांत जास्त नजरेतून सुटतो तो हिंग. डबीतील नेहमीचा हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंकाबरोबर मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. चिमूटभर हिंगाने साखर वाढत नाही, पण सीलिॲक आजार असलेल्याला त्यातील मैदाही त्रास देऊ शकतो. अशा घरी खडा हिंग आणून तो तुपात फुलवून कुटून ठेवावा, किंवा डबीवरची घटकांची यादी वाचून मगच ती घ्यावी.