गाडी ठरवण्याआधी वहिनींना पाच वेळा बसवून पाहा

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून ३१ मे रोजी निवृत्त झालो. वय ५८. गाव दारव्हा तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. आजवर मोटरसायकलशिवाय काही चालवलं नाही. सौ.चे दोन्ही गुडघे गेले आहेत, मागे बसणं आता तिला जमत नाही. महिन्यातून एकदा यवतमाळला डॉक्टरकडे, आठवड्याला दारव्ह्याचा बाजार, वर्षातून एकदा शेगाव आणि माहूर, एवढंच आमचं फिरणं. वावर चार किलोमीटरवर, पांदण रस्त्यानं. ग्रॅच्युइटी आणि जीपीएफचे पैसे आले, त्यातले ९ लाख गाडीसाठी बाजूला ठेवले आहेत. मुलगा पुण्याहून म्हणतो, १४ लाखांची उंच गाडी घ्या, वरचं कर्ज मी फेडतो. शेजारी म्हणतात, जुनी डिझेल घ्या, वावरात चालते. कोणती घेऊ? की घेऊच नये?
– एक निवृत्त शिक्षक, जि. यवतमाळ

उत्तर : गुरुजी, गुडघ्यांची ओळ मी दोनदा वाचली. तुमची गाडी तिथंच ठरते.

बारा वर्षांपूर्वी मी एक जुनी सेदान घेतली होती. इंजिन खणखणीत, एसी बर्फासारखा. गॅरेजवाला माणूस मी, बॉनेट उघडून सगळं तपासलं आणि सीट किती खाली आहे हे पाहिलंच नाही. आई तेव्हा पंचाहत्तरीला आलेली. ती दाराकडे पाठ करून हळूहळू खाली व्हायची, पण शेवटची वीतभर तिला बसता यायचं नाही, ती पडायची. उतरताना एक हात दारावर, दुसरा माझ्या मनगटावर, आणि तोंडातून आवाज निघू नये म्हणून दात आवळलेले. दिवाळी झाल्यावर म्हणाली, “राहू दे बापा, मी येश्टीनंच जातो.” दारात गाडी उभी आणि आई स्टँडवर, हे मला अजून लागतं.

म्हणून शोरूमला वहिनींना सोबत न्या. नेहमीचं लुगडं, नेहमीची चप्पल. सेल्समनला हात देऊ देऊ नका. पाच वेळा बसू द्या, पाच वेळा उतरू द्या. पहिल्या दोन वेळा माणूस भिडेपोटी नीट उठतो, खरं काय ते चौथ्या-पाचव्या वेळेला कळतं. सीट कमरेच्या पातळीला हवी : खाली बसावं लागू नये आणि वर चढावंही लागू नये. मुलाच्या मनातल्या उंच गाडीची अडचण हीच आहे. तिच्यात पाय उचलून चढावं लागतं, निऱ्या उंबऱ्याला अडकतात, आणि उतरताना सगळा भार एका गुडघ्यावर येतो. मुलाची माया खरी आहे, पण त्या गाडीत रोज चढायचं आहे ते त्याच्या आईला.

घेऊच नये का, हेही तुम्ही विचारलंत. त्याचा हिशेब आधी करू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के व्याज आहे. ६ लाख ठेवले तर दर तीन महिन्यांनी १२,३०० रुपये हातात येतात. यवतमाळच्या तीन फेऱ्या आणि बाजार त्यात भाड्याच्या गाडीनं निघून जातो, आणि वहिनींना एसटीत अर्धं तिकीट आहेच. नुसत्या पैशाकडे पाहिलं तर गाडी परवडतच नाही. तरीही मी घ्या म्हणतो, ते रात्रीसाठी. दीड किलोमीटर आतल्या गावात रात्री दोन वाजता भाड्याची गाडी फोन उचलत नाही. आमच्या आळीत हे दोनदा पाहिलं आहे. मात्र ९ लाख ही हद्द समजा, सगळे खर्चायचे असं नाही. कर्ज तर नकोच, मुलानं फेडलं तरी नको.

डिझेलचा नाद सोडा. २०२० पासूनच्या, म्हणजे धुराच्या बीएस-६ नियमाप्रमाणे बनलेल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला इंजिन बराच वेळ तापतं राहावं लागतं. तुमचं फिरणं दारव्ह्यापर्यंत जाऊन परत. जाळी चोंदते, दिवा लागतो आणि खर्च हजारांत जातो. त्याआधीची डिझेल घेतली तर तिची पंधरा वर्षांची नोंदणी किती उरली ते मोजावं लागेल. सीएनजीचा खर्च कमी येतो, पण टाकी डिकी खाते, तिची दर तीन वर्षांनी तपासणी असते, आणि महिन्याला चार-पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याला पंप शोधत फिरण्याचा त्रास कशाला? साधं पेट्रोल घ्या.

वावराचं म्हणाल तर पावसाळ्यात पांदणीनं कोणतीही गाडी नेऊ नका. आमच्याकडे पोळ्याच्या सुमारास दरवर्षी अशा दोन-चार गाड्या येतात. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधल्या सांदीत थर धरते, सुकली की विटेसारखी होते. सब्बलीनं फोडून काढताना आतलं प्लास्टिकचं अस्तर फाटतं. पोटाखाली १६५ मिलिमीटर जागा असो की १८७, त्या मातीला फरक पडत नाही. मोटरसायकल विकू नका, वावराला तीच.

आता गाडी. माझ्या मते तुमच्यासाठी दोनच, मारुती वॅगनआर आणि टाटा पंच. वॅगनआरचं छत उंच, सीट कमरेला येते, आणि पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतो. पंच जमिनीपासून उंच आहे आणि तिची दारं ९० अंशांत उघडतात. गुडघेवाल्या माणसाला ही मोठी सोय, कारण पाय न दुमडता आत फिरवता येतो. आणि एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या धडकवून पाहते आणि पाचपैकी तारे देते. तिच्या चाचणीत पंचला २०२१ मध्ये मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, वॅगनआरला २०२३ मध्ये एक. वॅगनआरमध्ये २०२५ पासून सहा एअरबॅग येतात हे खरं, पण पत्र्याची ताकद एअरबॅगनं वाढत नाही. आपल्या रस्त्यावर रात्री मागचा दिवा नसलेल्या कापसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. म्हणून पंचमध्ये वहिनींना पाचही वेळा नीट बसता-उठता आलं तर पंच घ्या. तिथं गुडघा अडला तर वॅगनआर, आणि मग वेग साठच्या आत, रात्री निघणं फक्त अडचणीलाच.

नवी घ्या, जुनी नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीच्या आतल्या, चार मीटरपेक्षा लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट २९ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे चार वर्षं जुन्या गाडीत पूर्वीइतकी बचत उरली नाही. शोरूमच्या किमतीवर रस्ता कर धरायला विसरू नका. पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १० लाखांपर्यंत ११ टक्के, म्हणजे साडेसहा लाखांच्या गाडीवर ७१,५०० रुपये. वर विमा. वॉरंटी वाढवून घ्या. सीट कव्हर, सेंट, कोटिंग यांना हात जोडून नाही म्हणा. रंग पांढरा. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात उभ्या राहिलेल्या काळ्या गाडीच्या दाराला हात लावून पाहा, कारण विचारणार नाही.

गिअर? ऑटोमॅटिक घ्या, म्हणजे क्लच न दाबता गिअर आपोआप बदलणारी एएमटी. चाळीस-पन्नास हजार जास्त लागतील. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा स्टिअरिंग धरणाऱ्याचं लक्ष क्लचवर नाही, रस्त्यावर हवं. फक्त चढावर थांबलात तर ती मागे सरकू शकते, हँडब्रेक ओढायची सवय लावा. माहूरच्या घाटाआधी कुठल्याही लहान चढावर दहा-वीस वेळा हे करून पाहा. परवान्याचं काम आजच सुरू करा : शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवस थांबावं लागतं, डॉक्टरचं नमुना १-अ प्रमाणपत्र लागतं, आणि ५५ नंतर परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो. डोळे तपासायला जाल तेव्हा मोतीबिंदूचं मुद्दाम विचारा. समोरच्या गाडीचा उजेड पसरून दिसत असेल तर आधी तो इलाज, मग गाडी.

ताब्यात घेताना टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात ते वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. तुमची गाडी महिन्याला पाचशेच्या वर जाणार नाही, त्यामुळे टायर झिजणार नाही, उन्हानं कडक होऊन तडकेल. सहा वर्षं झाली की नक्षी कितीही दिसत असली तरी बदला.

प्रश्न : आमची गाडी तुरीच्या पोत्यांजवळ शेडमध्ये उभी असते. दोन महिन्यांत उंदरांनी दोनदा वायर कुरतडली. काय करावं?
– एक वाचक भगिनी, कारंजा (लाड)

उत्तर : ताई, आधी पोती हलवा किंवा गाडी हलवा. उंदीर धान्याला येतो आणि बॉनेटखाली उबेला राहतो. रात्री बॉनेट उघडं ठेवा, आत थंडी आणि उजेड शिरला की तो घर करत नाही. मी गॅरेजमधल्या उभ्या गाड्यांना हेच करतो. वायरिंगच्या गठ्ठ्याशी तंबाखूची पानं बांधा, दर पंधरा दिवसांनी बदला. बॅटरीच्या मागच्या कोपऱ्यात कापूस, कागदाचे तुकडे, तुरीचा भुसा दिसला तर तिथं पिल्लं आहेत असं समजा, सगळं काढा. आणि आठवड्यातून दोनदा गाडी निदान वीस मिनिटं चालवा. नुसती चालू करून बंद करू नका, त्यानं बॅटरी भरत नाही, उतरते. उंदराचं नुकसान तुमच्या विमा पॉलिसीत आहे का, ते नूतनीकरणाआधी लेखी विचारून घ्या.