वाचकांचे प्रश्न : एकाच पिशवीत बातमी आणि दरपत्रक

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेचा सचिव आहे. दिवाळीच्या तोंडावर एका दैनिकाचे वार्ताहर पुरवणीसाठी जाहिरात मागण्यास आले होते. संचालक मंडळाने ती नाकारली आणि त्यानंतर आमच्या वार्षिक सभेची बातमी त्या दैनिकात आलीच नाही. हा योगायोग मानावा काय? पत्रकारितेला ही कळा कधीपासून आली?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमची बातमी का राहिली, हे येथे बसून सांगता येणार नाही, कारण सभांच्या बातम्या जागेअभावीही गळतात. मात्र तुमच्या मनात शंका यावी, अशीच तिथली व्यवस्था आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो. तुटपुंजे मानधन आणि आणलेल्या जाहिरातींवरचे कमिशन यांवर त्याचे भागते. वर्धापनदिन, दिवाळी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस आले की त्याला ‘टार्गेट’ ठरवून दिले जाते, आणि मग सकाळी ज्या साखर कारखान्याच्या थकलेल्या ऊसबिलांची बातमी करायची, त्याच कारखान्याच्या कार्यालयात दुपारी अर्ध्या पानाच्या जाहिरातीसाठी ताटकळत बसायचे, अशी वेळ त्याच्यावर येते. पत्रकारांचे वेतन ठरवण्यासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या, हे खरे. पण ज्याच्या हाती साधे नेमणूकपत्रही नाही, त्याने त्या कोणत्या तोंडाने मागायच्या?

आता ‘कधीपासून’ याविषयी. अंकाच्या किमतीतून छपाईचा खर्च निघत नाही, ही अडचण जुनीच आहे. पानांच्या संख्येनुसार दैनिकाची किंमत ठरवून देणारा आदेश केंद्र सरकारने १९६० मध्ये काढला, तेव्हा पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. जाहिरातीची जागा घटली की किंमत वाढवावी लागते, किंमत वाढली की खप घटतो आणि खप घटणे म्हणजे विचारांच्या प्रसारावरच बंधन येणे, असे मानून न्यायालयाने १९६१ मध्ये तो आदेश आणि त्यामागचा कायदा रद्द केला. निकाल योग्यच होता, असे माझे मत आहे. तरीही वर्तमानपत्राचे स्वातंत्र्य जाहिरातदाराच्या खिशाशी किती घट्ट बांधलेले आहे, याची त्याहून स्पष्ट कबुली माझ्या पाहण्यात नाही.

त्या काळी निदान जाहिरात विभाग आणि संपादकीय विभाग वेगळे बसत. पुढे ही भिंत खचत गेली आणि २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्राने त्याची परिणती पाहिली. एकाच नेत्याचे गुणगान करणारा मजकूर शब्दशः तसाच, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत बातमी म्हणून छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे प्रकरण उजेडात आणले. तो नेता म्हणजे तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण. निवडणूक खर्चाच्या हिशेबात त्यांनी वृत्तपत्रीय जाहिरातींवरचा खर्च अवघा ५,३७९ रुपये दाखवला होता. या हिशेबावरून निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये त्यांना बजावलेली नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली, हेही येथे नोंदवले पाहिजे. वृत्तपत्रांच्या आचरणावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने ‘पेड न्यूज’वर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, नावानिशी अहवाल लिहिला होता, परंतु कौन्सिलने २०१० मध्ये प्रथम प्रसिद्ध केली ती त्याची छाटलेली आवृत्ती. वृत्तपत्रांच्या मालकांची नाराजी तिथेही जड गेली असावी.

तुमच्या वार्ताहरावर मात्र फार रागावू नका. या साखळीत सर्वांत कमी पैसे त्याच्याच हाती पडतात. जाहिरात द्यायची झाल्यास रीतसर पावती घ्या आणि छापून येणाऱ्या मजकुरावर ‘जाहिरात’ असा शब्द छापण्याचा आग्रह धरा. सभेचे वृत्त त्याच्यामार्फत न पाठवता, सभा झाली त्याच दिवशी, जिल्हा आवृत्तीच्या वृत्तसंपादकांकडे थेट पाठवा.