लिफ्टचे दार उघडे असताना लिफ्ट सुरू का होत नाही?

प्रत्येक मजल्यावरच्या दाराला यांत्रिक कुलूप आणि विद्युत संपर्क असतो. केबिनच्या दारालाही असाच संपर्क असतो. हे सर्व संपर्क एकाच मालिकेत जोडलेले असल्यामुळे त्यांतला एक जरी उघडा राहिला, तरी मोटरचा वीजपुरवठा तुटतो आणि ब्रेक लागतो. हा ब्रेक स्प्रिंगच्या दाबाने आवळलेला असतो व वीज मिळाली तरच सुटतो. मुंबईतल्या जुन्या इमारतींमधील जाळीच्या दारांच्या लिफ्टमध्येही हेच तत्त्व आहे, म्हणूनच जाळी नीट न लावता कोणी निघून गेले की लिफ्ट त्याच मजल्यावर अडकून पडते. खरा धोका आहे तो बिघाड झटपट मिटवण्यासाठी वायर टाकून या संपर्कांना बगल देण्यात. ती वायर तशीच राहिली, तर दार उघडे असूनही लिफ्ट चालू शकते, त्यामुळे दुरुस्तीनंतर याबद्दल सोसायटीने मेकॅनिकला स्पष्ट विचारलेच पाहिजे.