युरेनियमच्या प्रयोगांसाठी मुलीला जर्मनीला पाठवू का?

ताई,

तुमची मुलगी नागपूरला एम.एस्सी. भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि जमिनीखालच्या युरेनियम लीचिंगचे, म्हणजे खडकातलं युरेनियम आम्लाने विरघळवून काढण्याचे, प्रयोग शिकायला जर्मनीत फ्रायबर्गला जायचं म्हणते. तिची तब्येत आणि परतल्यावरची नोकरी, या दोन काळज्यांनी तुम्हाला झोप नाही, असं तुम्ही यवतमाळहून लिहिलंत.

तब्येतीचं आधी. खनिजातलं युरेनियम धुळीवाटे किंवा तोंडावाटे शरीरात जाणं, हा मुख्य धोका. हातमोजे, फ्यूम हूड (वाफ-धूळ ओढून घेणारं कपाट), प्रयोगशाळेत खाणंपिणं बंद, एवढं कसोशीने पाळलं जात असेल तर तिला जरूर जाऊ द्या.

काम मात्र चिकाटीचं आहे. हातभर नळीत वालुकाश्माचा चुरा ओला करून, हवा राहणार नाही असा ठासून भरायचा. खालून सौम्य गंधकाम्ल थेंबथेंब सोडायचं आणि वरून निघणारं पाणी बाटल्यांत धरायचं. सुरुवातीला खडकातला चुनाच आम्ल खाऊन टाकतो. त्यातून जिप्सम धरलं की नळी तुंबते, केलेलं सगळं वाया. मग केव्हातरी पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं, आणि युरेनियम येऊ लागतं. कझाकस्तानात हेच विहिरींमधून करतात. जगातलं सुमारे 40 टक्के युरेनियम तिथलं.

तिने जीव लावावा तो पुढच्या भागात: त्याच नळीतून साधं पाणी सोडलं, तर ते पुन्हा स्वच्छ यायला किती दिवस लागतात? चेक देशात स्त्राझला 1996 पर्यंत युरेनियमसाठी सुमारे 40 लाख टन गंधकाम्ल जमिनीत सोडलं. तिथलं भूजल साफ करणं अजून चालूच आहे.

आता नोकरी. भारतात अशी लीचिंगची खाण नाही. झारखंडात जादुगुडाला खनिज खणून, दळूनच युरेनियम काढतात. त्यामुळे फक्त या विषयावर इथे नोकरी मिळणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण खडकातून पाणी काय उचलतं, हे जाणणारी माणसं हवी आहेत. अणुखनिज संचालनालयाचं कार्यालय नागपुरातच आहे. केंद्रीय भूजल मंडळासाठी यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा असते. तुमच्या जिल्ह्यातल्या विहिरींचं फ्लोराईड हाही खडक आणि पाण्याचाच प्रश्न आहे, ताई.

अर्ज करण्याआधी तिला कॉलेजात नळीभर वाळूतून मिठाचं पाणी सोडायला सांगा. मग साधं पाणी सोडून, दर दहा मिनिटांनी वाहकता (तिच्यावरून पाण्यात किती मीठ उरलं ते कळतं) मोजत दोन दिवस बसू दे. आलेख काढला की मला पाठवा.