फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं, पहिला डोस सोमवारी

तुम्ही लिहिता: वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध) चालू आहे, नव्या औषधाच्या चाचणीत नाव नोंदवलंय, आठवड्यातून दोनदा गांजा ओढता, पण ‘अमली पदार्थ घेता का?’ यापुढे ‘नाही’ लिहून सही केलीत. खरं सांगितलं तर पोलीस येतील का?

सोमवारच्या आधी मुख्य संशोधक डॉक्टरांना एकटं गाठा आणि खरं सांगा.

गांजाचं सेवन एनडीपीएस कायदा, १९८५ (अमली पदार्थांविरुद्धचा कायदा) च्या कलम २७ खाली गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण रुग्ण गांजा घेतो हे डॉक्टरांनी पोलिसांना कळवावं, असं बंधन या कायद्यात नाही. उलट २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाची गुपितं जपणं त्यांचं कर्तव्य आहे. न्यायालयाने आदेश दिला तर मात्र त्यांना बोलावं लागतं. म्हणून काय, किती, शेवटचं कधी, एवढंच सांगा. कोणाकडून आणता हे सांगायची गरज नाही. आणि खिशात पुडी ठेवून रुग्णालयात अजिबात जाऊ नका. बाळगणं हा कलम २० खालचा वेगळा गुन्हा आहे. कलम ६४अ चं संरक्षण तुम्हाला कोणी सुचवेल, पण ते स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला आहे. ही चाचणी म्हणजे तो उपचार नव्हे.

मला खरी काळजी तुमच्या रक्ताची वाटते. वॉरफरिन घेणाऱ्यांनी गांजा घेतल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. त्यावर तिसरं, अजून तपासणीतलं औषध पडणार, आणि डोस ठरवणाऱ्याला हे माहीतच नाही!

भरपाईचंही तसंच. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार इजा झाली तर प्रायोजकाने (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीने किंवा संस्थेने) मोफत उपचार द्यायचे असतात, पण इजेचा चाचणीशी संबंध नाही असं सिद्ध झालं की ती जबाबदारी संपते. इजा गांजामुळे झाली, हा मुद्दा तुमचं ‘नाही’ आयताच त्यांच्या हाती देतं.

जुनं उत्तर गिरवू किंवा पुसू नका. डॉक्टरांसमोर त्यावर एक रेघ, शेजारी दुरुस्ती, तारीख, सही. गुप्ततेचं कलम संमतिपत्रात आहे का ते तिथेच वाचा आणि प्रत मागून घ्या. चाचणीतून वगळलं, तरी तुमचे नेहमीचे उपचार त्या कारणाने थांबवता येत नाहीत.